'लक्ष कुठे आहे तुझे?' हे कोण कोणाला विचारते?

बाई नीट ऐकत नाही, मध्येच तोंड घालते, एक सांगता सांगता दुसरीकडे जाते आणि सांगितलेले विसरते. आमच्या सल्ला केंद्रात या चार तक्रारी घेऊन नवरे येतात, सासवा येतात, कधी कधी मुलीचे आईबापसुद्धा येतात. आपल्यापैकी ज्यांनी असे केंद्र चालवले आहे त्यांना त्या पाठ असतील. या तक्रारींवर आजवर दोनच उत्तरे दिली जात. घरच्यांचे उत्तर, 'वळणच नाही.' आपले उत्तर, 'तिला कधी बोलू देत नाहीत, म्हणून ती अशी बोलते.' आपले उत्तर बहुतेक वेळा खरे असते. पण काही बायकांच्या बाबतीत आणखी एक कारण असते आणि ते मेंदूच्या घडणीत असते. त्याला एडीएचडी म्हणतात. मलाही ते आहे. निदान झाले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि चळवळीत पंधरा वर्षे काढलेली होती.

हे मी आमच्या गटाच्या बैठकीत सांगितले तेव्हा जी चर्चा झाली तिच्यातून हा लेख निघाला. एक मैत्रीण म्हणाली, 'हे शहरातल्या खाऊनपिऊन सुखी बायकांचं नवं खूळ.' दुसरी म्हणाली, 'बायकांना वेडं ठरवायला पुरुषांच्या हातात आणखी एक शब्द कशाला देतेस?' तिसरी प्रेमाने म्हणाली, 'अगं, बोलताना जरा स्वतःवर ताबा ठेव, झालं. त्याला डॉक्टर कशाला?' मला तिघींनाही उत्तर द्यायचे आहे. तिसरीला जरा सविस्तर, कारण तिचा सल्ला सगळ्यांत साधा वाटतो आणि सगळ्यांत जास्त वेळा दिला जातो.

बोलताना नेमके काय होते?

नावात 'लक्षाची कमतरता' असे आहे, आणि ते नाव फसवे आहे. लक्ष असते. ते कुठे लावायचे, किती वेळ ठेवायचे आणि कधी काढून घ्यायचे याचा लगाम हातात नीट राहत नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, बाहेर भाजीवाल्याची हाळी, आतल्या खोलीत टीव्ही आणि समोर मुलगी शाळेतली गोष्ट सांगते आहे. बहुतेकांचा मेंदू मुलीचा आवाज पुढे आणतो आणि बाकीचे मागे ढकलतो. आमचा मेंदू सगळ्यांना सारख्याच जोराने आत घेतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हातातल्या कामापुरती लागणारी आठवण तोकडी असते. 'मंगळवारी मामा येणार आहेत, त्यांना तिखट चालत नाही, दूध अर्धा लिटर जास्त सांग आणि येताना लाइटबिल भर.' या वाक्यातले लाइटबिल तेवढे हाती लागते. मामा केव्हाच निसटलेले असतात. आणि मनात आलेला मुद्दा आत्ता बोलला नाही तर दोन मिनिटांत नाहीसा होणार हे अनुभवाने माहीत झालेले असते. म्हणून समोरच्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत आम्ही बोलतो. ऐकणाऱ्याला वाटते, हिला माझ्या बोलण्याची किंमत नाही. पुष्कळदा उलट असते. त्याच्या बोलण्याने मनात काहीतरी पेटलेले असते आणि ते विझायच्या आत त्याला दाखवायचे असते.

आणखी एक. आम्ही विषय सोडून भरकटतो असे लोक म्हणतात. आमच्या डोक्यात दुवे असतात, फक्त ते उच्चारायचे राहून जातात. रेशनकार्डावरून मी एकदम पुराच्या गोष्टीवर येते, कारण पुरात कागद वाहून गेलेल्या बायकांना नवे कार्ड मिळवताना झालेला त्रास मला आठवलेला असतो. मधली पायरी ऐकणाऱ्याला दिसत नाही. मग 'शेंडा ना बुडखा' असा शिक्का बसतो.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदान-पुस्तिकेत एडीएचडीची १८ लक्षणे दिली आहेत. त्यांतली निदान चार थेट संभाषणाची आहेत : समोर बोलले जात असताना ऐकत नसल्यासारखे वाटणे, अति बोलणे, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणे आणि दुसऱ्याच्या बोलण्यात मध्येच शिरणे. आता ही चार लक्षणे पुन्हा वाचा. आपल्या घरात मुलीला वळण लावताना ज्या गोष्टींवरून टोकले जाते त्यांचीच ही यादी नाही का?

मुलगा व्रात्य, मुलगी वेंधळी

लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. तेव्हापासून पुढची कित्येक दशके डॉक्टरांच्या नजरेसमोर राहिले ते मुख्यतः वर्गात उड्या मारणारे, बाक वाजवणारे मुलगे. १९८० साली त्या पुस्तिकेत 'लक्षाची कमतरता' हा शब्द आला आणि चळवळेपणा नसतानाही हे असू शकते असे प्रथमच अधिकृतपणे मान्य झाले. तरी लक्षणे वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसली पाहिजेत ही अट राहिली. ती बारा वर्षांपर्यंत सैल झाली २०१३ साली. मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसणारी, कोणाला त्रास न देणारी, वहीच्या कडेला वेलबुट्टी काढणारी मुलगी सातव्या वर्षी कोणाच्या डोळ्यांवर येणार? तिच्यामुळे वर्ग बंद पडत नाही.

म्हणून लहानपणी मुलग्यांचे निदान मुलींच्या दुपटी-तिपटीने होते आणि मोठेपणी तेच अंतर बरेच कमी होते. मधल्या वर्षांत बायकांना हे नव्याने होत नाही. त्या पहिल्यापासून तिथेच होत्या, फक्त कोणी पाहिले नव्हते. पुष्कळींना कळते ते मुलाला डॉक्टरांकडे नेल्यावर. हे मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. डॉक्टर मुलाविषयी प्रश्न विचारतात आणि आई मनातल्या मनात स्वतःची उत्तरे देत राहते.

तोपर्यंत तिला दुसरी नावे मिळालेली असतात. तोच स्वभाव मुलग्यात असला तर तो 'व्रात्य', 'द्वाड', आणि पुढे 'हुशार आहे पण अभ्यास करत नाही.' मुलीत असला तर ती धांदरट, वेंधळी, आगाऊ, तोंडाळ, जिभेला हाड नसलेली. पहिल्या शब्दांत कौतुकाला जागा आहे. दुसऱ्या शब्दांत सासरची धास्ती आहे. वडील जेवताना तीनदा हाक मारूनही ओ देत नाहीत, तर 'ते विचारात आहेत.' आई एकदा ओ देत नाही, तर 'लक्ष कुठे आहे तुझे?'

मध्येच बोलण्याचा हक्क

'दुसऱ्याचे बोलणे तोडू नये' हा नियम सर्वांना सारखा असता तर माझी तक्रार नव्हती. कॅलिफोर्नियातले डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९७५ साली स्त्री-पुरुषांची अकरा संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. त्यांत ४८ वेळा कोणीतरी कोणाचे बोलणे तोडले होते. त्यांपैकी ४६ वेळा ते तोडणारा पुरुष होता. नमुना लहान होता, आणि पुढच्या अभ्यासांत इतका मोठा फरक दर वेळी आढळला नाही. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न शिल्लक आहेच : तोडण्याची मुभा कोणाला आहे? पमेला फिशमन यांनी तीन जोडप्यांच्या घरातले ५२ तासांचे बोलणे टेपवर घेतले आणि १९७८ साली लिहिले, की संभाषण चालू ठेवण्याचे कष्ट बायका करतात. प्रश्न विचारणे, हुंकार देणे, नवऱ्याने काढलेला विषय पुढे नेणे हे सगळे त्याच करतात.

म्हणजे संभाषण हेही घरकामच आहे. भांड्यांसारखेच ते रोज घासावे लागते आणि झाले नाही तरच दिसते. एडीएचडी असलेल्या बाईला नेमके हेच काम जड जाते. तिने हुंकार दिला नाही, तिला जावेच्या भावाच्या लग्नाची तारीख आठवली नाही, तिने वडीलधाऱ्यांच्या मध्येच बोलून टाकले, की तिच्या बाईपणातच खोट काढली जाते. पुरुषाला ही खोट लागत नाही, कारण हे काम त्याचे आहे असे कोणी मानलेलेच नसते.

आता तिसऱ्या मैत्रिणीच्या सल्ल्याकडे वळते. 'ताबा ठेव.' एडीएचडी असलेल्यांनी संभाषण कसे सुधारावे यावर आता पुष्कळ लिहिले जाते. नजरेला नजर द्या, मान हलवा, बोलण्याआधी दहा आकडे मोजा, ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगा, मध्ये बोलू नका. यांतले काही उपयोगी आहे, आणि ते मी पुढे सांगणार आहे. पण पहिली गोष्ट अशी, की नजर मिळवण्यावर आणि मान हलवण्यावर लक्ष खर्च केले की ऐकायला लक्ष उरत नाही. मी हातात सुई-दोरा किंवा निवडायची भाजी घेऊन, खाली बघत जितके नीट ऐकते तितके टक लावून बघत कधीच ऐकत नाही. दुसरी गोष्ट, नजर मिळवा हे कोणाला सांगता? सासरी नजर वर केली तर उद्धट आणि सल्ल्यांच्या पुस्तकात नजर मिळवली नाही तर असभ्य. बाईने डोळे ठेवायचे तरी कुठे?

तिसरी गोष्ट महत्त्वाची. हा सगळा सल्ला एकाच बाजूला उद्देशून आहे. संभाषणाला दोन माणसे लागतात, पण दुरुस्त व्हायचे ते एकीनेच. ती दिवसभर दातओठ खाऊन स्वतःला आवरते, प्रत्येक वाक्याआधी तोलते, चेहरा लक्ष दिल्यासारखा ठेवते आणि रात्री पार थकून पडते. तिने आज काही चुकीचे बोलले नाही एवढेच घराला दिसते. तिला आज काहीच बोलता आले नाही हे दिसत नाही. बायकांना गप्प बसवण्याची रीत आपल्याला नवी नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिले, आणि त्यांच्यावर इतकी टीका झाली की जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घ्यावी लागली. त्यांनी त्यानंतर काही छापल्याचे आढळत नाही. बाई कशी बोलली यावर बोट ठेवले, की ती काय बोलली त्याचे उत्तर द्यावे लागत नाही. हा डाव जुना आहे, आणि आपल्याकडून नकळत त्यालाच हात लागू नये.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप, हे खूळ आहे. निदान महाग आहे, मोठ्या शहरांत आहे, तालुक्याच्या बाईला मानसोपचारतज्ज्ञ गाठायला जिल्ह्याच्या गावी जावे लागते, हे सारे खरे. त्यामुळे ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचेच निदान होते हेही खरे. पण निदान नसले म्हणजे त्रास नसतो का? मालकिणीने एका दमात सांगितलेल्या सहा कामांपैकी दोन विसरणारी घरकामगार 'कामचुकार' ठरते आणि काम गमावते. मला सूचना लक्षात राहत नाहीत तेव्हा मी वही काढते, आणि लोक म्हणतात, 'किती पद्धतशीर!' तिला लिहिता येत नसेल तर वही कुठून येणार? हा वर्गाचा प्रश्न आहेच. म्हणून तो टाकून न देता उचलला पाहिजे. जिल्हा रुग्णालयात मोठ्या माणसांचीही तपासणी व्हावी, औषध परवडेल अशा दरात मिळावे, ही मागणी आपण केली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. ते का नाही हेही विचारले पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो करणाऱ्या मैत्रिणीचे भय मला मान्य आहे. आज्ञेबाहेर गेलेल्या बाईला वेडी ठरवणे हे पुरुषी व्यवस्थेचे जुने हत्यार आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, आणि बायकोच्या औषधाच्या चिठ्ठ्या गोळा करून वकिलाकडे नेणारे नवरे आपण पाहिले आहेत. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट माहीत हवे. नुसता विकार असून भागत नाही. जोडीदाराने तिच्यासोबत राहण्याची वाजवी अपेक्षा करता येणार नाही, अशा स्वरूपाचा आणि इतक्या प्रमाणाचा तो असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली एका खटल्यात स्पष्ट केले, की आजाराला नुसते नाव असणे पुरेसे नाही, तो किती तीव्र आहे हे सिद्ध व्हावे लागते. त्या खटल्यातला आजार एडीएचडीहून कितीतरी कठीण, स्किझोफ्रेनिया होता. तेव्हा एडीएचडीच्या चिठ्ठीला घाबरून बाईने उपचार सोडावा हे मला पटत नाही. चिठ्ठी आपल्या ताब्यात ठेवा, कोणाला सांगायचे ते आपण ठरवा, आणि कोणी धमकी दिली तर केंद्रात या.

नाव नसल्याने बाई सुरक्षित राहते हा भ्रम आहे. नाव नव्हते तेव्हाही तिला नावे ठेवली जात होतीच. फरक एवढाच, की त्या नावांवर उपाय नव्हता. एडीएचडीवर औषधाने पुष्कळांना फरक पडतो, सवयींची घडी बदलून आणखी पडतो. स्वतःला चाळीस वर्षे 'आपण वाईट आहोत' असे समजणारी बाई ते समजणे थांबवते, हा फरक मी कोणत्याच गोळीच्या खाती मांडणार नाही.

इथेच एक इशारा. आता काही नवरे म्हणू लागले आहेत, 'मलाही एडीएचडी आहे, म्हणून मी ऐकत नाही, म्हणून माझा आवाज चढतो.' असेलही. त्याने त्याचा इलाज करावा. पण साहेबांसमोर जो आवाज चढत नाही आणि बायकोसमोरच चढतो, त्याचा लक्षाशी संबंध नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे.

पोलीस ठाण्यात आणि आपल्या टेबलावर

हे सगळे घरगुती कुरबुरींपुरते असते तर मी इतकी पाने घेतली नसती. मारहाण झालेली बाई ठाण्यात जाते. ठाणे अंमलदार विचारतो, 'पहिल्यापासून क्रमाने सांगा.' भेदरलेल्या कोणत्याही बाईला क्रमाने सांगणे अवघड असते. जिला एडीएचडी आहे तिला तर दुप्पट. ती आधी परवाचे सांगते, मग लग्नातल्या सोन्याचे, मग पुन्हा कालचे. तारखा चुकतात. अंमलदार पेन खाली ठेवतो आणि म्हणतो, 'बाई, तुमचंच तुम्हाला नक्की माहीत नाही.' तुटक बोलणे म्हणजे खोटे बोलणे असे धरले जाते, आणि पुढे उलटतपासणीत त्याच विसंगतीवर वकील बोट ठेवतो.

म्हणून केंद्रातल्या प्रत्येक कार्यकर्तीने हे करावे. बाईला आधी हवे तसे, उलटसुलट बोलू द्यावे. मध्ये तारखा विचारू नयेत. मग तिच्याबरोबर बसून सण, पाळी, मुलाची परीक्षा, पगाराचा दिवस अशा खुणा धरून क्रम लावावा आणि तो कागदावर उतरवून तिच्या हातात द्यावा. ठाण्यात तो कागद बघून बोलायला तिने मागेपुढे पाहू नये. आणि जबाबावर सही करण्याआधी तो वाचून दाखवायला सांगावे. दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घेतल्यावर ती खबर देणाऱ्याला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत फुकट दिली पाहिजे, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्येही ते होतेच. हा कोणाचा उपकार नाही.

दोन्ही बाजूंनी

आम्ही काय करायचे ते मी टाळत नाही. जवळच्या माणसांना साध्या शब्दांत सांगायचे, की मी खाली बघत असले तरी ऐकते आहे. मुद्दा सुचला तर तो हातावर, चिठ्ठीवर एका शब्दात टिपून ठेवायचा, म्हणजे तो धरून ठेवण्यासाठी दुसऱ्याचे बोलणे तोडावे लागत नाही. मधला तुकडा निसटला तर मान डोलावून वेळ न मारता 'मामांचं काय म्हणालात?' असे सरळ विचारायचे. विषय बदलताना दुवा तोंडाने बोलायचा. महत्त्वाचे बोलणे टीव्ही बंद करून, शक्यतो चालता चालता करायचे. हे जमते. रोज जमेलच असे नाही.

आणि इतरांनी? एका दमात सहा कामे सांगू नका. एक सांगा, किंवा लिहून द्या. मध्ये बोलले गेले तर 'थांब, माझं पुरं होऊ दे' एवढे म्हणा. आम्हाला त्याचा राग येत नाही, टोमण्याचा येतो. घराची आठवण एकट्या बाईच्या डोक्यात ठेवू नका. गॅसचा नंबर, म्हाताऱ्यांची औषधे, शाळेची फी, लग्नाच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि ते कॅलेंडर नवऱ्यानेही वाचावे. ज्या घरात हे झाले आहे त्या घरातली विसराळू बाई कमी विसराळू दिसते, याचे नवल वाटायला नको.

आपल्या गटांच्या बैठकांचेही बघू. आपण समतेच्या गोष्टी बोलतो आणि पाचजणी एकदम बोलतो. विषयपत्रिका कोणाच्या तरी डोक्यात असते. तीन तास मध्ये उठायचे नाही, आणि जी उठते किंवा हातात विणकाम घेते तिच्याकडे 'हिला गांभीर्य नाही' अशा नजरेने पाहायचे. यात काय बदलायचे ते कठीण नाही. विषय फळ्यावर लिहा. हात वर करून, नाव घेऊन बोला. तासाने पाच मिनिटे मोकळी ठेवा. विणू द्या, फिरू द्या. शेवटी कोण काय करणार हे लिहून प्रत्येकीला द्या. याने फक्त आमची सोय होणार नाही. जी पहिल्यांदाच बैठकीला आली आहे, जिला कमी ऐकू येते, जिची भाषा तुमच्याहून वेगळी आहे आणि जी आजवर कधीच मध्ये बोलायला धजली नाही, तिलाही जागा मिळेल.

माझी मागणी एवढीच आहे. बाईला 'नीट बोल' असे सांगण्याआधी तिच्याशी नीट बोलले जाते का ते पाहा. ज्या मैत्रिणींना हे वाचताना स्वतःची ओळख पटली असेल त्यांनी लिहावे. क्रम लावलेला नसला, वाक्ये अर्धी असली, विषय सुटला असला तरी चालेल. पत्र छापताना आम्ही ते सुधारून 'नीट' करणार नाही.